हिशेबनिसाची फौज: शिरढोणचे वासुदेव बळवंत आणि पाचशे रोहिले

पनवेलमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक घरांना वासुदेव बळवंत फडके हे नाव नाट्यगृहामुळे माहीत असतं. शाळेचं गॅदरिंग असो, एखादं नाटक असो नाहीतर सत्काराचा कार्यक्रम, पत्रिकेवर ते नाव छापलेलं असतं. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकालाही तेच नाव आहे. आद्य क्रांतिकारक एवढं म्हटलं की आपण पुढे जातो. हा माणूस लढला कशाने, त्याच्या माणसांच्या हातात काय होतं, ते कुठून आलं आणि का पुरलं नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. ते बघायला गेलं की पनवेलच्या या माणसाची गोष्ट थेट निजामाच्या मुलखातल्या रोहिल्यांपर्यंत जाते. म्हणजे आपल्या लोकांपर्यंत. म्हणूनच ती आम्हाला आज सांगावीशी वाटते.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, पळस्पे फाटा ओलांडला की पुढे शिरढोण. ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेव बळवंतांचा जन्म इथला. गावातून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्यांचे आजोबा अनंतराव हे या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि घराण्याची किल्लेदारी संपली. नातवाला ती गोष्ट लहानपणापासून ऐकायला मिळाली असणार, त्यात नवल नाही. पण किल्ल्याच्या गोष्टी ऐकलेली मुलं कोकणात तेव्हा शेकड्यांनी होती. त्यातली बहुतेक शिकली, नोकरीला लागली, झालं. वासुदेव बळवंतही नोकरीलाच लागले. आधी रेल्वेत, मग पुण्याला लष्कराच्या कमिसरिएट खात्याच्या हिशेब कचेरीत.

ही नोकरी नीट लक्षात घ्यायला हवी. कमिसरिएट म्हणजे फौजेला दाणागोटा, जनावरं, गाड्या, सामान पुरवणारं खातं. त्याच्या खर्चाची तपासणी या कचेरीत होत असे. पंधरा वर्षांच्या आसपास त्यांनी तिथे कारकुनी केली. पलटण एक दिवस रस्त्यावर चालवायची तर किती पैसा लागतो, किती बैल लागतात, किती धान्य लागतं, हे त्या काळच्या पुण्यात ज्या थोड्या हिंदी माणसांना माहीत होतं, त्यातले हे एक. पुढे ज्या फौजेशी त्यांची गाठ पडली, तिच्या पोटापाण्याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या हाताने तपासलेला होता.

नोकरीत असतानाच आई आजारी पडली आणि रजा वेळेवर मिळाली नाही. पोचले तेव्हा आई गेलेली होती. हा घाव त्यांच्या मनातून गेला नाही. पण केवळ त्या रागाने ते उठले, असं मानायचं कारण नाही. त्याच वर्षांत पुण्यात ते न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकत होते, देशाचा पैसा बाहेर कसा जातो ते समजून घेत होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी शाळा काढली, तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. आणि दुसरीकडे लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा, तलवार, बंदूक शिकत होते. सकाळी तालीम, दिवसा कचेरी. मातंग समाजातल्या वस्तादाकडे एका ब्राह्मण कारकुनाने शस्त्र शिकायला जाणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

मग १८७६ चा दुष्काळ आला. दोन वर्षं दख्खन होरपळला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडं कमी, धान्य पुरे आहे असा हिशेब ज्या साहेबाने मांडला, ते सर रिचर्ड टेंपल. १८७७ मध्ये तेच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. वासुदेव बळवंत गावोगाव फिरून आले, ओसाड पडलेली घरं बघितली, आणि लढायचं त्यांनी नक्की केलं.

आता प्रश्न आला, लढायचं कशाने?

आधी कायदा बघू. १८५७ नंतर सरकारने मुलूख नि:शस्त्र करायला घेतलाच होता. १८६० मध्ये त्यासाठी कायदा झाला. मग १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. या कायद्यात हत्यार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. तलवार, संगीन, खंजीर, भाला, भाल्याचं नुसतं पातं, धनुष्यबाण, सगळं त्यात धरलं होतं. परवान्याशिवाय जवळ ठेवलं तर कैद, आणि लपवून ठेवलं तर शिक्षा आणखी मोठी, सात वर्षांपर्यंत. युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात खुंटीवर टांगलेली जुनी तलवारही एका रात्रीत गुन्हा झाली. वासुदेव बळवंत उठले ते फेब्रुवारी १८७९ मध्ये. कायदा होऊन जेमतेम वर्ष झालेलं.

२० फेब्रुवारीला पुण्याजवळ लोणी गावाबाहेर त्यांनी आपल्या माणसांची फौज उभी राहिल्याचं जाहीर केलं. दोनशेच्या आसपास माणसं. बहुतेक रामोशी, त्यांच्यात कोळी, धनगर, भिल्लही. मुसलमानही होते. रामोशी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गावाची आणि गडाची राखण करणारा समाज. इंग्रजी राज्यात राखणीचं वतन गेलं, काम गेलं, आणि सरकारी कागदांत नाव राहिलं ते चोर म्हणून. त्यांच्यातला उमाजी नाईक इंग्रजांशी लढला आणि १८३२ मध्ये पुण्याला फासावर गेला. अशा माणसांना लढायला शिकवावं लागत नव्हतं.

हत्यारं मात्र त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचीच होती. तलवारी, भाले, कुऱ्हाडी, काठ्या. डोंगरातल्या माणसाच्या हातात गोफण असतेच. बंदुका थोड्या, आणि त्याही ठासणीच्या. ठासणीची बंदूक म्हणजे काय ते नव्या मुलांना ठाऊक नसेल. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची, वरून गज घालून ठासायचं. त्यातली जुनी तोड्याची बंदूक असेल तर जळता तोडा, म्हणजे पेटती वात, दारूला लावायची. अंधारात तो निखारा लांबून दिसतो, आणि पावसाची सर आली की बंदूक म्हणजे नुसता दांडका. टोपीची बंदूक थोडी बरी, पण बार भरायला वेळ तेवढाच. चांगला सरावाचा माणूसही मिनिटाला दोन-तीन बार काढायचा, आणि भरायला त्याला बहुतेक उभंच राहावं लागायचं.

समोरच्या फलटणींकडे काय होतं? गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळालेली होती, आणि त्यांनी टाकलेली स्नायडर हिंदी पलटणींना दिलेली होती. १८५७ नंतरचं हे सरकारचं धोरणच होतं, हिंदी शिपायाची बंदूक गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागे ठेवायची आणि तोफा शक्यतो त्याच्या हाती द्यायच्याच नाहीत. पण ही मागची स्नायडरसुद्धा मागून भरायची. गोळी, दारू आणि टोपी, तिन्ही एकाच काडतुसात. कप्पा उघडायचा, काडतूस सारायचं, बंद करायचं, चाप ओढायचा. मिनिटाला दहाच्या आसपास बार निघत. आडवं पडून भरता येत असे आणि पाऊस तिला फारसा नडत नसे. म्हणजे स्नायडरवाला एक शिपाई ठासणीच्या तीन-चार बंदुकांना भारी.

तरी बंदूक कुठून तरी पळवता येते. काडतुसाचं काय? ठासणीच्या बंदुकीला सोरा, गंधक आणि कोळसा कुटून दारू गावात करता यायची, शिशाची गोळी चुलीवर ओतता यायची. स्नायडरचं काडतूस गावचा लोहार करू शकत नव्हता, त्याला कारखाना लागतो. असा सरकारी दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून खुद्द पुण्याजवळ खडकीला चालू होता. आमच्या मते या लढाईचा निकाल बराचसा तिथेच लागला होता. शूर माणसं दोन्हीकडे असतात, काडतुसाचा कारखाना एकाच बाजूला होता.

शिवाय रेल्वे आणि तार. १८६३ पासून बोरघाटातून गाडी धावत होती. पुण्याहून तार केली की मुंबईला तासाभरात खबर. इकडे बातमी पोचवायची तर माणूस रात्रभर चालणार, खांद्यावर घोंगडी, कमरेला भाकरी. रेल्वेत आणि कमिसरिएटमध्ये काम केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणून तर त्यांनी सगळ्यात आधी पैशाचा विचार केला. पैसा असेल तर माणूस पगारावर राहील, पगारावर राहील तर कवायत शिकेल, आणि हत्यारही कुठून तरी विकत येईल. पुण्यातल्या श्रीमंतांकडे त्यांनी हात पसरले. कुणी दिलं नाही. तेव्हा त्यांनी सरकारचा आणि सावकाराचा पैसा लुटायचं ठरवलं. २३ फेब्रुवारीला धामारी गावावर पहिला छापा पडला. त्यानंतर एकामागून एक.

इथेच त्यांच्या नावामागे दरोडेखोर हा शब्द लागला. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या फौजेतलं दुखणंही इथेच होतं. लूट हाती आली की माणसं वाटा मागत, वाटा घेऊन घरी जायचं म्हणत. त्यांची घरं उपाशी होती, त्यांना दोष तरी कुठल्या तोंडाने द्यायचा. पण ज्या पैशातून बंदुका यायच्या तो पैसा टिकत नव्हता, आणि बंदुका नाहीत म्हणून पुन्हा छापा. वासुदेव बळवंतांनी हे सगळं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. हिशेबनिसाची सवय ती, नोंद केल्याशिवाय राहवत नसे. त्या नोंदीच पुढे कोर्टात त्यांच्यावर उलटल्या.

मे महिन्यात लढाई आपल्या पनवेलच्या दारात आली. वासुदेव बळवंतांचा उजवा हात म्हणजे दौलतराव नाईक. १० आणि ११ मेच्या सुमारास दौलतराव आपली माणसं घेऊन घाट उतरले आणि पळस्पे व आसपास त्यांनी मोठा छापा घातला. आज जिथे मुंबई, पुणे आणि गोव्याचे रस्ते मिळतात आणि तासन् तास ट्रॅफिक तुंबतो, तेच पळस्पे. लूट दीड लाखाच्या घरात गेली. आधीच्या सगळ्या छाप्यांपुढे हा आकडा केवढा तरी मोठा.

पण जरा हिशेब करू. त्या काळचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. दीड लाख रुपये सगळे रोख चांदीत असते तर वजन भरलं असतं साडेसतरा क्विंटल. माणशी वीस किलो धरलं तरी नव्वदेक माणसं फक्त ओझं वाहायला. लुटीत सोनं-दागिने असणार, वजन कमी झालं असणार, तरी ओझं ते ओझंच. पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव, पण चोरवाटेने घाट चढायला गाडी कामाची नाही. सगळं डोक्यावर आणि पाठीवर. मे महिन्याचं ऊन, अंगावर ओझं, हातात तलवार. घाटमाथ्याकडे परतताना मेजर हेन्री डॅनियलच्या शिपायांनी दौलतरावांना गाठलं. त्या चकमकीत दौलतराव पडले. ज्या पैशातून फौज सजायची होती तो पैसाही गेला आणि फौजेचा म्होरक्याही गेला.

त्या आधी वासुदेव बळवंतांनी सरकारला जाहीरनामा पाठवला होता. लोकांना काम द्या, कर कमी करा, बड्या साहेबांचे पगार कापा, नाहीतर लढाई. सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं, त्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं. दौलतराव गेल्यावर मात्र ते खचले. दक्षिणेला श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या देवस्थानी गेले. तिथे जीव द्यायचा विचार मनात होता, तो मागे टाकून ते पुन्हा उठले आणि निजामाच्या मुलखात फौज शोधायला लागले.

निजामाचाच मुलूख का? एक तर इंग्रजांचा शस्त्र कायदा ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानात हत्यारबंद माणूस दिसला म्हणून कुणी दचकत नसे. आणि दुसरं, तिथे रोहिले होते, अरब होते. रोहिले म्हणजे पठाण. उत्तरेतून दख्खनेत आलेले, जमादाराच्या हाताखाली टोळीने नोकरी करणारे. या शिपाईगिरीची पद्धत अशी की माणूस आपलं हत्यार घेऊनच नोकरीला येणार. तलवार त्याची, ढाल त्याची, लांब नळीची बंदूक त्याची, अरब असेल तर कमरेचा जंबियाही त्याचाच. मालकाने द्यायचा तो फक्त पगार. ज्या माणसाला चार महिने हत्यार मिळवताना नाकी नऊ आले होते, त्याला हे किती मोलाचं वाटलं असेल.

आणि हे नुसते भाडोत्री होते असं म्हणून हात झटकता येत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी, १७ जुलै १८५७ ला, हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर चालून गेलेले लोक हेच. पुढे होते तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन, आणि मागे रोहिल्यांचा जमाव. तलवारी आणि तोड्याच्या बंदुकांनी त्यांनी रेसिडेन्सीच्या तोफांना तोंड दिलं. तुर्रेबाज खान १८५९ मध्ये मारले गेले, मौलवी अलाउद्दीन अंदमानला गेले आणि तिथेच वारले. मराठी शाळांच्या पुस्तकात रोहिला येतो तो लुटारू म्हणून किंवा वसुलीला दारात बसणारा दांडगा म्हणून. तसे रोहिले होतेही. हेही होते.

रोहिल्यांचा पुढारी इस्माईल खान याच्याशी वासुदेव बळवंतांचं बोलणं झालं. पाचशे रोहिले उभे करायचं ठरलं. देवधर्म कडक पाळणारा कोकणचा ब्राह्मण आणि पठाण जमादार, दोघांची भाषा वेगळी, खाणंपिणं वेगळं. तरी पगार, माणसं आणि दिवस यावर दोघे बसून बोलू शकले. आम्हाला या भेटीचं मोल त्या पाचशेच्या आकड्यापेक्षा जास्त वाटतं. कारण ती कुणी भाईचाऱ्याचं भाषण द्यायला घडवलेली नव्हती, एकाला फौज हवी होती, दुसऱ्याकडे ती होती, आणि शत्रू एकच होता.

गोष्ट एकाच बाजूची सांगायची नसेल तर पुढचंही सांगायला हवं. वासुदेव बळवंतांच्या मागावर मेजर डॅनियलबरोबर दिवसरात्र घोडा मारणारे निजामाचे पोलीस अधिकारी होते अब्दुल हक. म्हणजे मुसलमान तिकडेही होते, जसे हिंदू शिपाई डॅनियलच्या हाताखाली होते. एकाचं नाव घेऊन छाती काढायची आणि दुसऱ्याचं लपवायचं, असं आपण करू नये.

पाचशे रोहिल्यांची ती फौज मैदानात आलीच नाही. जुलैमध्ये वासुदेव बळवंत पंढरपूरच्या वाटेवर होते. अंगात ताप, दिवसेंदिवस पायपीट. खबर फुटली. २० जुलै १८७९ च्या रात्री कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथे, देवळात झोपलेले असताना डॅनियलने त्यांना पकडलं. तेव्हाही त्यांनी डॅनियलला एकास एक तलवारीने लढायला बोलावलं आणि त्याने नकार दिला, अशी आठवण सांगतात. लहुजी वस्तादांच्या तालमीतला माणूस तलवारच मागणार. मेजरला तलवार काढायची गरजच उरली नव्हती.

खटला पुण्यात चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी वकीलपत्र घेतलं. सरकारचा मोठा पुरावा होता आरोपीच्याच हातचा मजकूर. शिक्षा झाली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची. पण अंदमानला न धाडता १८८० च्या जानेवारीत त्यांना एडनला नेलं. एडन १८३९ पासून इंग्रजांकडे होतं आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चाले. समुद्रापलीकडचं, अरबी बोलणारं गाव. तिथे त्यांची भाषा समजणारं माणूस मिळणं कठीण.

तिथेही ते एकदा निसटले. हत्यार कुठलंच नव्हतं. कोठडीचं दार बिजागरीतून उचकटून काढलं आणि बाहेर पडले. काही मैल गेले असतील, पकडून परत आणलं. त्यानंतर पहारा वाढला. क्षयाने शरीर पोखरलं होतं, अन्नही सोडलं होतं असं सांगतात. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात ते वारले. वय सदतीस.

१९८४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. १८७८ चा तो शस्त्र कायदा स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात राहिला, १९५९ चा नवा कायदा लागू होईपर्यंत. शिरढोणला फडक्यांचा वाडा आणि स्मारक आहे. पनवेलहून अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. सुट्टीच्या दिवशी कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणारी आपली मंडळी त्याच रस्त्याने जातात. जाताना मुलांना घेऊन तिथेही थांबावं, आणि त्यांनी विचारलंच की यांच्याकडे बंदुका नव्हत्या का, तर इस्माईल खानाचं नाव सांगावं.